संपत्तीला देशाचे नाव : लोकहितवादी, चिपळूणकर, फुले आणि ‘किर्लोस्कर’

१

‘श्रीमंत’ हा शब्द मराठीत दीर्घकाळ पैशाचा वाचक नव्हता. तो पदाचा वाचक होता. पहिल्या बाजीरावावर कर्जाचा डोंगर होता आणि त्याची तक्रार त्याने ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांतून वारंवार केलेली आहे. तरीही तो ‘श्रीमंत’च होता. पेशवे, सरदार, संस्थानिक यांच्या नावाआधी येणारी ही उपाधी तिजोरीची मोजदाद करीत नव्हती. १८१८ नंतर पद गेले आणि उपाधी मागे उरली. एकोणिसाव्या शतकाच्या ओघात ती हळूहळू ज्याच्याकडे पैसा आहे त्याला चिकटली. ‘यश’ या शब्दाचा प्रवासही असाच उद्बोधक आहे. रणात यश येते, देव यश देतो, वैद्याच्या हाताला यश असते. या सर्व प्रयोगांत यश हे माणसाच्या ठायी वसते किंवा त्याच्याकडे येते. तो ते स्वतःच्या हिशेबाने कमावतो, असा ध्वनी त्यांत नाही. परीक्षेत, नोकरीत, धंद्यात ‘यशस्वी’ होणारा माणूस हा पुढच्या काळाचा, इंग्रजी शिक्षणाबरोबर आलेला आहे.

या दोन शब्दांच्या अर्थांतरामागे एक प्रश्न दडलेला आहे आणि तो मराठी निबंधगद्याच्या इतिहासाशी निगडित आहे. १८४८ पासून पुढच्या शंभर वर्षांत मराठी गद्याने देशाच्या दारिद्र्याविषयी विपुल लेखन केले. उद्योग करा, व्यापार करा, कलाकौशल्य वाढवा हा उपदेश तर इतका झाला की पुढे तो पाठ्यपुस्तकी वाटू लागला. परंतु धनवान माणसाविषयी अभिमानाने बोलण्याची वेळ आली की हे गद्य अडखळते. संपत्ती स्वतःच्या नावाने मान मागू शकत नाही. तिला देशाचे नाव घ्यावे लागते. देशकार्य, स्वदेशी, समाजसेवा यांपैकी कोणत्या तरी पदरात ती बांधली गेली की मगच ती आदरणीय ठरते. ही बांधणी कोणी, कशी केली आणि तीत कोण वगळले गेले, याचा शोध चार प्रमुख ठिकाणी घेण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या संकोचाचे मूळ संतवाङ्मयात आहे, असे सर्रास सांगितले जाते. हे मत तपासून घेण्यासारखे आहे. तुकारामांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली ही कथा महिपतीपासून सर्वांच्या परिचयाची आहे. पण ती खते बुडविणारा माणूस महाजनकी आणि वाणव्यवसाय असलेल्या घरातला होता, आणि सचोटीच्या व्यवहाराने धन जोडावे, उदास विचाराने ते खर्चावे असा उपदेशही त्याच गाथेत आढळतो. संतांचे भांडण लोभाशी आणि धन जोडण्याच्या रीतीशी आहे. धनाविषयीचा खरा संकोच आढळतो तो एकोणिसाव्या शतकात पगारावर जगू लागलेल्या, इंग्रजी शिकलेल्या वर्गात. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी’ ही म्हण तोंडी असलेल्या आणि प्रत्यक्षात चाकरीच करीत असलेल्या या वर्गाच्या हाती मराठी निबंध होता, ही गोष्ट दृष्टिआड करून चालणार नाही.

२

गोपाळ हरि देशमुख (१८२३–१८९२) यांनी भाऊ महाजन यांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात १८४८ ते १८५० या काळात ‘लोकहितवादी’ या नावाने जी पत्रे लिहिली, ती लिहिताना ते पंचविशीत होते. शतपत्रांचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा ब्राह्मणवर्गावरील टीकेकडे जाते. ते स्वाभाविकच आहे. पण त्यामुळे या पत्रांतील अर्थविचार काहीसा झाकला जातो. १८४९ मध्ये याच लेखकाने ‘लक्ष्मीज्ञान’ हे अर्थशास्त्रविषयक पुस्तक प्रसिद्ध केले. शीर्षकाची निवडच लक्षणीय म्हणावी लागेल. इंग्रजी अर्थशास्त्रातील कल्पना मराठीत आणताना लेखकाने शास्त्राला देवतेचे नाव दिले. लक्ष्मी ही येते, जाते, रुसते, प्रसन्न होते. ‘ज्ञान’ हा उत्तरपद मात्र सांगतो की तिच्या येण्याजाण्याला नियम आहेत आणि ते शिकता येतात. दैव आणि नियम यांचा हा सांधा पुढे फार काळ टिकला नाही. १८५५ मध्ये कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ लिहिली, तेव्हा लक्ष्मी निघून गेली होती आणि ‘अर्थ’ स्थानापन्न झाला होता.

लोकहितवादींच्या लेखी हिंदुस्थानचे दारिद्र्य हे प्रथमतः ज्ञानाचे दारिद्र्य आहे. इंग्रज श्रीमंत झाले ते त्यांच्या विद्येमुळे आणि उद्योगामुळे; येथील लोक दरिद्री झाले ते त्यांच्या आळसामुळे, रूढींमुळे आणि जगाची खबर नसल्यामुळे, हा त्यांचा युक्तिवाद सुपरिचित आहे. पण त्याच पत्रमालिकेत ते स्वदेशी मालाचा पुरस्कारही करतात. आपले कापड जाडेभरडे असले तरी तेच वापरावे, परदेशी माल घेऊ नये, हा विचार त्यांनी १९०५ च्या स्वदेशी चळवळीच्या अर्धशतकाहून अधिक आधी मांडला. या दोन भूमिका परस्परांशी विसंगत नाहीत काय? वरवर पाहता आहेत. इंग्रजांचे अनुकरण करा आणि इंग्रजांचा माल घेऊ नका, असे एकाच दमात सांगितले जात आहे. परंतु हाच ताण त्यांच्या गद्याला धार देतो. ज्याच्याकडून शिकायचे त्याच्याच दुकानी गिऱ्हाईक होऊन राहायचे नाही, असा हा शिष्याचा अभिमान आहे.

लोकहितवादी एकटे नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. रामकृष्ण विश्वनाथ यांनी हिंदुस्थानच्या प्राचीन आणि सांप्रतच्या स्थितीवर १८४३ मध्येच ग्रंथ लिहिला होता, आणि भास्कर पांडुरंग तर्खडकरांची इंग्रजी पत्रे १८४१ ची आहेत. हिंदुस्थानची संपत्ती इंग्लंडकडे वाहून जात असल्याची जाणीव दादाभाई नौरोजींच्या आधी या मंडळींनी व्यक्त केली होती, याकडे इतिहासकार जे. व्ही. नाईक यांनी लक्ष वेधले आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाला यातून मिळणारी गोष्ट वेगळी आहे. दारिद्र्याची कारणे दोन प्रकारे सांगणारी दोन स्वतंत्र कथनसूत्रे मराठी गद्यात प्रारंभापासून शेजारी शेजारी नांदत होती. एकात आपण दोषी होतो. दुसऱ्यात आपण लुटले गेलो. अभिमानाचे रूप काय होणार हे लेखक कोणते सूत्र हाती धरतो यावर ठरत गेले.

३

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी दुसरे सूत्र धरले. ‘निबंधमाले’चा (१८७४–१८८१) समारोप करणारा ‘आमच्या देशाची स्थिती’ हा निबंध, ज्यावर सरकारने १९१० मध्ये बंदी घातली आणि जी १९३७ मध्ये उठली, हा या दृष्टीने मराठी गद्यातील एक वळण आहे. लोकहितवादींवरील शास्त्रीबुवांचा राग केवळ शैलीचा किंवा स्वभावाचा नव्हता. ज्या देशाला आपल्या ऐपतीवर विश्वास उरलेला नाही, त्या देशाला त्याच्याच दोषांची यादी वाचून दाखविणे म्हणजे त्याचे उरलेसुरले भांडवल घालविणे होय, अशी ती भूमिका होती. येथे अभिमान हे संपत्तीचे फळ राहत नाही. तो संपत्तीची पूर्वअट बनतो. आधी मान, मग धन.

मालाकारांच्या चरित्रातला एक तपशील मात्र या गद्यापेक्षाही बोलका आहे. सरकारी शाळेतील नोकरी सोडल्यावर त्यांनी केवळ न्यू इंग्लिश स्कूल (१८८०) काढले नाही. चित्रशाळा, आर्यभूषण छापखाना, किताबखाना हे सारे धंदेच होते. छापील चित्रे विकणे, पुस्तके विकणे, छापखाना चालविणे हा व्यवहार होता आणि त्यात नफ्यातोट्याचा हिशेब होता. पण त्यांच्या चाहत्यांनी आणि चरित्रकारांनी हे सारे ‘देशकार्य’ या एकाच खात्यात जमा केले. चित्रशाळेच्या चित्रांनी घरोघर देवदेवता आणि पराक्रमी पुरुष नेले, हे आवर्जून सांगितले जाते. ती चित्रे काय भावाने गेली, हे क्वचितच. संपत्तीला देशाचे नाव देण्याची मराठी रीत येथे पक्की झालेली दिसते.

४

या चर्चेत जोतीराव फुले यांचे स्थान सर्वांत अवघड आणि म्हणून सर्वांत मोलाचे आहे. वर उल्लेखिलेल्या निबंधकारांपैकी देशमुख हे सरकारी सेवेत चढत गेलेले न्यायाधीश होते, चिपळूणकर शिक्षक आणि पत्रकार होते. प्रत्यक्ष भांडवल गुंतवून, मजूर लावून, माल पुरवून पैसा मिळविणारा माणूस यांत एकच आहे आणि तो म्हणजे फुले. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीशी असलेला त्यांचा संबंध, कात्रजचा बोगदा आणि खडकवासल्याचे धरण यांसारख्या कामांतील त्यांचा सहभाग, धातूच्या ओतकामाच्या साच्यांचा त्यांचा व्यापार, मांजरीची बागाईत शेती हे सर्व चरित्रग्रंथांतून नमूद आहे. ते पुणे नगरपालिकेचे सभासदही होते. आजच्या भाषेत त्यांना यशस्वी व्यावसायिक म्हणावे लागेल.

आणि तरीही फुल्यांच्या समग्र वाङ्मयात फुले नावाच्या श्रीमंत कंत्राटदाराची कथा नाही. धंदा कसा उभा केला, किती नफा झाला, कोणत्या अडचणींवर मात केली, यांविषयी ते जवळजवळ मौन पाळतात. या मौनाचा उलगडा नम्रतेने होत नाही. फुल्यांच्या गद्याला नम्र म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. त्याचा उलगडा त्यांच्या दृष्टिकोनात आहे. कंत्राटदाराच्या व्यवसायाने त्यांना एक अशी जागा दिली की जेथून सरकारी बांधकामाचा पैसा कोणाकोणाच्या हातांतून कसा झिरपतो हे आतून दिसत होते. कारकून, अभियंता, मुकादम आणि सर्वांत खाली दगड फोडणारा मजूर ही उतरंड त्यांनी पाहिली होती. या खात्यातील लबाडीवर त्यांनी पद्यातही लिहिले. म्हणजे धंद्याने त्यांना जे दिले ते त्यांनी लेखनात वापरले. फक्त ते स्वतःच्या यशाची साक्ष म्हणून नव्हे, तर व्यवस्थेविरुद्धचा पुरावा म्हणून.

‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) वाचताना हे विशेष जाणवते. त्याच्या प्रारंभीची विद्येच्या अभावापासून वित्ताच्या अभावापर्यंत जाणारी साखळी इतकी प्रसिद्ध झाली आहे की तिच्यातील कड्यांच्या क्रमाकडे सहसा कोणी थांबून पाहत नाही. विद्या, मती, नीती, गती या क्रमात वित्त शेवटी येते. ते मूळ कारण नाही आणि अंतिम साध्यही नाही. ते गेल्यामुळे शूद्र खचले, एवढेच त्याचे स्थान. पण ते साखळीत आहे. धनाविषयी उदासीन असणारा लेखक ही कडी घालणार नाही. फुले दारिद्र्याचा गौरव करीत नाहीत, साधेपणाची महती गात नाहीत. शेतकऱ्याच्या घराचे, भांड्याकुंड्यांचे, अंगावरच्या वस्त्राचे आणि ताटातल्या अन्नाचे त्यांनी केलेले सविस्तर वर्णन मराठी गद्यातील वस्तुनिष्ठ वर्णनाचा आरंभबिंदू मानता येईल. त्या वर्णनात करुणा आहे. पण त्याहून अधिक आहे ती जप्तीची यादी करणाऱ्या माणसाची नजर. काय आहे आणि काय नाही याची ती मोजदाद आहे. त्यामागे १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांची पार्श्वभूमी आहे, ज्यांत सुपे आणि आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली होती. तुकारामांनी इंद्रायणीत बुडविलेली खते आणि सुप्यात जळलेली खते यांच्यातील अंतर हेच मराठी समाजाच्या अर्थजाणिवेतील अंतर आहे: पहिल्या प्रसंगी धनको खते सोडून देतो, दुसऱ्या प्रसंगी ऋणको ती हिसकावून घेतो.

फुल्यांनी सुचविलेले उपायही सरळ भौतिक आहेत: तलाव, बंधारे, सुधारलेली जनावरे, शिक्षण. विलायती यंत्रांच्या मालामुळे येथील कारागिरांची झालेली उपासमारही त्यांनी नोंदवली आहे. म्हणजे संपत्ती बाहेर वाहून जात असल्याचे सूत्र त्यांना अपरिचित नव्हते. त्यांनी विचारलेला जादा प्रश्न असा, की जी संपत्ती वाहून गेली ती जाण्याआधी कोणाची होती? ‘देश’ हा शब्द उच्चारताच तो प्रश्न पुसला जातो, असा त्यांचा संशय होता. सार्वजनिक सभेवरील आणि पुढे राष्ट्रीय सभेवरील त्यांचे आक्षेप या संशयातूनच आलेले आहेत. ‘असूडा’ची पहिली दोन प्रकरणेच ‘दीनबंधू’त छापली गेली आणि पुढची छापण्यास संपादक कचरले, ही गोष्ट सांगते की हा प्रश्न फुल्यांच्या स्वतःच्या गोटातही पचण्याजोगा नव्हता.

१८८८ साली ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात झालेल्या समारंभातील प्रसंग धनंजय कीरांपासून अनेक चरित्रकारांनी सांगितला आहे. फुले तेथे शेतकऱ्याच्या वेषात गेले. दारावरच्या पहारेकऱ्यांनी त्यांना अडविले आणि यजमानांना मध्ये पडावे लागले. दागिन्यांनी मढलेले पाहुणे म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरा हिंदुस्थान खेड्यांत आहे, या आशयाचे त्यांचे भाषण तेथे झाले. या प्रसंगाकडे केवळ बाणेदारपणाचा नमुना म्हणून पाहिले जाते. तो तसा आहेच. पण बोलावणे कोणाला आले होते, हेही पाहिले पाहिजे. तेथे आमंत्रण मिळण्याइतकी प्रतिष्ठा त्यांना त्यांच्या यशाने दिली होती, आणि त्या प्रतिष्ठेचा उपयोग त्यांनी तिचाच वेष नाकारण्यासाठी केला. संपत्ती, यश आणि भारतीयत्वाचा अभिमान या तिन्ही गोष्टी त्या संध्याकाळी एकाच माणसाच्या ठायी होत्या. फक्त त्यांची बेरीज प्रचलित पद्धतीने झाली नाही.

५

१८९० च्या सुमारास न्या. महादेव गोविंद रानडे यांनी पुण्यातील औद्योगिक परिषदेच्या द्वारे आणि हिंदी अर्थशास्त्रावरील व्याख्यानातून (१८९२) या विषयाला शास्त्रीय बैठक दिली. पण ते लेखन मुख्यतः इंग्रजीत आहे, त्यामुळे त्याचा विचार येथे ओझरताच करता येतो. स्वदेशीच्या लाटेतील एक प्रयोग मात्र मराठी मनाचा जणू आरसाच आहे. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एक पैसा गोळा करून उद्योग उभारण्याची कल्पना मांडली आणि टिळकांच्या पाठिंब्याने तिला बळ मिळाले. या ‘पैसा फंडा’तून १९०८ मध्ये तळेगाव येथे काचेचा कारखाना निघाला. भांडवल हजारो लोकांचे आणि मालक कोणीच नाही! धनवान माणसाला मान देण्याचा संकोच ज्या समाजाला आहे, त्याने धनवान माणसाशिवायच कारखाना काढण्याची युक्ती शोधली, असे याचे वर्णन करण्याचा मोह होतो.

दरम्यान मुंबईत संपत्ती प्रत्यक्षात होती, पण ती बहुतांशी पारशी, भाटिया, गुजराती, बोहरी व्यापाऱ्यांची. जगन्नाथ शंकरशेट (१८०३–१८६५) यांच्यासारखा सन्मान्य अपवाद वगळता मराठी भाषकाचा या संपत्तीशी संबंध कामगार किंवा कारकून म्हणून येत होता. ब्राह्मणेतर चळवळीच्या भाषेत ‘शेटजी-भटजी’ हा जोडशब्द रूढ झाला तेव्हा शेट परका असल्याचे त्यात गृहीत होते. परिणामी सधन नसणे हे मराठीपणाचे लक्षण आणि पुढे काही अंशी भूषणही बनले. भारतीय म्हणून स्वदेशी कारखान्याचा अभिमान आणि मराठी म्हणून कारखानदाराविषयी दुरावा, अशी ही दुहेरी अवस्था होती.

६

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांच्या कथेने हा दुरावा मोडला. चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेलेला बेळगावकडचा मुलगा रंगांधळेपणामुळे यंत्रांच्या आराखड्यांकडे वळतो, व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होतो, बढतीच्या वेळी डावलला जातो आणि नोकरी सोडून बेळगावात सायकलींच्या दुकानातून नांगरापर्यंत येतो. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी जमीन देतात आणि १९१० मध्ये कुंडलरोड स्थानकाजवळच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसते. लोखंडाने जमीन बिघडते, अशा समजुतीने शेतकरी लोखंडी नांगर घ्यायला तयार नसतात. विलायती नांगरांशी स्पर्धा असते. हे सर्व तपशील आज सर्वांना ठाऊक आहेत. वाङ्मयाच्या अभ्यासकाने विचारायचा प्रश्न असा, की ते सर्वांना ठाऊक का आहेत?

कारण या कारखान्याचे स्वतःचे मासिक होते. १९२० मध्ये शंकर वासुदेव किर्लोस्कर (१८९१–१९७५) यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत पोहोचविणारे पत्रक हा त्याचा आरंभ. पुढे ‘खबर’ हा शब्द गळला, ‘किर्लोस्कर’ उरले आणि त्याच्या जोडीला ‘स्त्री’ (१९३०) व ‘मनोहर’ (१९३४) ही भावंडे आली. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध याच मासिकातून तीसच्या दशकात प्रसिद्ध झाले. एखाद्या उद्योगसमूहाचे आडनाव हे मराठी मध्यमवर्गाच्या घरी वाङ्मयीन मासिकाचे नाव म्हणून पोहोचावे, ही भारतीय भाषांच्या इतिहासातही विरळा घटना आहे. दिवाणखान्यात मासिक आणि शेतात नांगर, असे हे दुहेरी बिऱ्हाड होते.

या मासिकाच्या गद्याने एक नवा नायक घडविला: कारखानदार. तो शेट नाही, सावकार नाही, साहेब नाही. त्याचे हात तेलाने माखलेले आहेत. त्याचे यश दाखविण्याची रीत ठरलेली आहे. ते यश नांगरात, चरकात, पंपात, वसाहतीतल्या घरांत, झाडांत दिसते. बँकेच्या खात्यात दिसत नाही. ‘किर्लोस्करवाडी’ या नावातही हीच रीत आहे. टाटांच्या पोलाद कारखान्याभोवती ‘पूर’ उभे राहिले, वालचंद हिराचंदांच्या साखर कारखान्याभोवती ‘नगर’; येथे मात्र ‘वाडी’. हे नाव खेड्याच्या शब्दसंग्रहातून आले आणि त्याने संपत्तीच्या भपक्याचा संशय आधीच निकालात काढला. वाडीत अस्पृश्यता पाळली जात नसे, शिक्षा भोगून आलेल्यांना रखवालदार म्हणून ठेवले गेले, या कथा वारंवार सांगितल्या गेल्या. त्या कथांचे कार्य उघड आहे: येथील धन हे सामाजिक पुण्याने शुद्ध झालेले आहे.

वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांच्याशी केलेली तुलना येथे उपयुक्त ठरते. ते सोलापूरचे, त्यांचे शिक्षणही महाराष्ट्रात झालेले. त्यांच्या सिंदिया कंपनीच्या ‘लॉयल्टी’ या जहाजाने ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून इंग्लंडकडे प्रयाण केले आणि तो दिवस स्वतंत्र भारताने नौकानयन दिन म्हणून स्वीकारला. विमान, मोटार आणि जहाजबांधणी या तिन्ही क्षेत्रांत त्यांनी पाया घातला. राष्ट्राभिमानाच्या तराजूत त्यांचे पारडे हलके नाही. तरीही मराठी ललित आणि वैचारिक गद्यात त्यांची प्रतिमा किर्लोस्करांइतकी घरगुती झाली नाही. एक तर त्यांच्यापाशी ‘किर्लोस्कर’सारखे मासिक नव्हते. दुसरे असे, की नांगर हा मराठी मनाला आधीच पवित्र असलेला पदार्थ होता. जहाज तसे नव्हते. तिसरे कारण सांगायला अवघड असले तरी टाळता येत नाही: ‘आपला’ कोण, याचा निवाडा मराठी वाचकाने जन्मगावावरून केला नाही, आडनाव आणि जात यांनाही त्यात मत होते.

या नायककथेची मर्यादा तिच्या वात्सल्यात आहे. वाडीच्या कथनात कामगार येतो तो कुटुंबातला माणूस म्हणून. शं. वा. किर्लोस्करांचे ‘शंवाकीय’ (१९७४) हे आत्मकथन प्रांजळ आणि वाचनीय आहे. पण त्याही जगात मालक आणि मजूर यांचे हितसंबंध वेगळे असू शकतात, ही शक्यता कडेलाच राहते. याच दशकांत मुंबईच्या गिरण्यांतील कामगाराचे वेगळे वाङ्मय घडत होते, नारायण सुर्वे यांची कविता त्यातूनच आली. १९८२ च्या संपानंतर उद्ध्वस्त झालेले घर जयंत पवारांच्या ‘अधांतर’ (१९९७) नाटकात रंगमंचावर आले. वाडी आणि चाळ ही मराठी औद्योगिक अनुभवाची दोन रूपे आहेत. एका वर्गात दोन्ही शिकवली जातात, परंतु एका तासाला मात्र क्वचितच.

७

१९९१ नंतरच्या आर्थिक वातावरणात ‘यश’ या शब्दाला देशाच्या नावाची गरज कमी भासू लागली. उद्योजकांची चरित्रे आणि यशोगाथा यांनी पुस्तकांची दुकाने भरली. त्यांतील बहुतेकांना वाङ्मयीन मूल्य बेताचेच आहे. त्याच सुमारास आलेले नरेंद्र जाधव यांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३) मात्र या परंपरेतील एक वेगळा टप्पा आहे. नाशिक जिल्ह्यातील ओझरहून मुंबईला आलेला आणि पुढे बंदरात काम करणारा बाप, आणि अर्थतज्ज्ञ झालेला मुलगा, ही कथा बाह्यतः यशोगाथाच आहे. दया पवारांच्या ‘बलुतं’पासून (१९७८) रूढ झालेल्या दलित आत्मकथनातील वेदनेच्या सुरापेक्षा तिचा सूर निराळा आहे आणि त्यामुळे तिच्यावर टीकाही होऊ शकते: एका कुटुंबाच्या उन्नतीने समाजाचे दुःख झाकले जाते काय? हा आक्षेप गंभीर आहे. त्याला पुस्तकाच्या आशयातून मिळणाऱ्या उत्तरापेक्षा त्याच्या भाषेतून मिळणारे उत्तर अधिक समर्पक आहे.

येथे यश देशाच्या नावाने उभे राहत नाही. ते बापाच्या नावाने आणि बापामागे उभ्या असलेल्या बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रेरणेने उभे राहते. बापाने स्वतःच्या बोलीत सांगितलेला भाग त्याच बोलीत ठेवला आहे. अर्थशास्त्राचा पदवीधर मुलगा त्याचे प्रमाणभाषेत ‘शुद्धीकरण’ करीत नाही. शीर्षकापासूनच ही निवड दिसते. ‘वडील’ नाही, ‘बाप’. ‘आणि’ नाही, ‘आन्’. ज्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यात हे पुस्तक वाचले जाणार होते, त्या दिवाणखान्यात ‘आन्’ हा शब्द १८८८ च्या समारंभातील घोंगडीपागोट्यासारखा प्रवेश करतो. फरक असा, की या वेळी दारावर कोणी अडविले नाही. पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. पुढे २००५ मध्ये पुण्यात दलित उद्योजकांची ‘डिक्की’ ही संस्था स्थापन झाली, आणि फुल्यांनी ज्याविषयी मौन पाळले ती कंत्राटदाराची कथा त्यांच्याच वारशाचा दावा करीत मोठ्याने सांगितली जाऊ लागली.

पदव्युत्तर अभ्यासक्रमात शतपत्रे, निबंधमाला आणि ‘असूड’ यांना स्थान असते. ‘किर्लोस्कर’चे जुने अंक संदर्भग्रंथालयात बांधून पडलेले असतात. त्या अंकांतील ललित आणि वैचारिक मजकुराचा थोडाबहुत अभ्यास झाला आहे. जाहिरातींचा अभ्यास मात्र प्रबंधाचा विषय म्हणून क्वचितच निवडला जातो. नांगर विकताना मराठी गद्याने शेतकऱ्याला कोणत्या नावाने हाक मारली, त्याच्यापाशी किंमत कशी सांगितली, स्वदेशीचा उल्लेख किंमतीच्या आधी केला की नंतर, हे त्या पानांवर छापलेले आहे. फुल्यांच्या शेतकऱ्याकडे नांगर घेण्याचे पैसे कोठून आले, याचे उत्तरही कदाचित तेथेच, हप्त्यांच्या आणि सवलतींच्या बारीक टाइपात सापडेल.